हाकेच्या अंतरावर

गल्लीत त्याला सगळे ‘ताणवाले काका’ म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाईट वाटत नसे. उलट जरा बरंच वाटे. घरापुढच्या जागेत त्याची रोपवाटिका होती. गिऱ्हाईक कसलंही गाऱ्हाणं घेऊन येवो, मोगऱ्याला कळी धरत नाही, लिंबाला फळ नाही, बोगनवेल नुसती पानांनी माजलीय, काकाचं औषध एकच: “ताण द्या.”

ताण द्यायचा म्हणजे पाणी तोडायचं. झाडाला तहानेनं कासावीस होऊ द्यायचं, पानांनी माना टाकेपर्यंत हात बांधून बघत बसायचं. झाडाला वाटलं पाहिजे, आता आपलं काही खरं नाही. मग ते जीव खाऊन फुलतं. “सुखात कोण फुलतंय हो?” असं म्हणून काका हसायचा आणि गिऱ्हाईकही मान डोलवून रोप घेऊन जायचं.

पण खरी मेख पुढेच होती, आणि ती तो कुणाला फुकट सांगत नसे. ताण द्यायला काय, कुणीही देईल. पाणी बंद करायला अक्कल थोडीच लागते? ताण तोडायचा कधी, पुन्हा पाणी सोडायचं कधी, हे ज्याला कळतं तो खरा माळी. चार दिवस आधी सोडलं तर पानंच पानं. चार दिवस उशीर झाला तर सरपण. त्यातलं त्याला कळतं, असा त्याचा समज होता, आणि झाडांपुरता तो खराही होता.

रोपवाटिकेच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे अक्काचं घर. अक्का म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा अक्कानंच याला न्हाऊमाखू घातलं, कान धरून शाळेत नेलं, तापात रात्ररात्र मांडीवर घेतलं. पुढे तिचं लग्न झालं. मूल झालं नाही, नवराही दहा वर्षांत गेला. मग तिनं बस-स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची नोकरी धरली ती निवृत्त होईपर्यंत. आवाज असा खणखणीत की ‘फलाट क्रमांक चार’ म्हटल्यावर बाकावर झोपलेली माणसंही उठून चारवर जाऊन उभी राहत, गाडी त्यांची असो वा नसो.

निवृत्त झाल्यावर तो सगळा आवाज धाकट्या भावाच्या वाट्याला आला. ती त्याला धाकट्याच म्हणायची. भिंतीपलीकडून “धाकट्याऽऽ!” अशी हाक आली की साठी ओलांडलेल्या या बाबाच्या हातातली कात्री खाली पडायची आणि तो शाळकरी पोरासारखा “आलो गं, आलो” करत भिंतीशी हजर व्हायचा. कुणी हसलं तर हसू दे. त्या हाकेत त्याचं सगळं लहानपण होतं.

अक्काच्या दाराशी जी बोगनवेल होती, ती त्यानंच फांदी लावून करून दिलेली. गर्द गुलाबी जातीची. अर्ध्या कापलेल्या पिंपात लावली होती. पिंपाचा तळ कधीच गंजून गेला होता आणि मुळं खाली जमिनीत उतरली होती. बोगनवेल म्हणजे दगडावरसुद्धा तगणारं झाड. तिला मारायचं म्हटलं तरी मरत नाही. पण अक्का तिला पाणी घालायची कसलं, न्हाऊच घालायची. सकाळी दोन झाऱ्या, संध्याकाळी दोन. पानं अशी मातली होती की घराची भिंत दिसेनाशी झाली. फूल मात्र सहा वर्षांत एक नाही.

“अक्का, पाणी तोड. महिनाभर तोड. बघ कशी गुलाबी होते.”

“तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही ही कसली रे विद्या तुझी? नाही आली फुलं तर नाही आली. मला काय बाजार मांडायचाय?”

“पालथ्या घड्यावर पाणी,” तो म्हणायचा.

“घड्यावर नाही, झाडावर,” ती म्हणायची आणि झारी तिरकी करायची.

हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं. थट्टाच होती ती. पण थट्टेची मस्करी आणि मस्करीची कुस्करी व्हायला कितीसा वेळ लागतो?

चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला, या वर्षीही येणं जमत नाही म्हणून. मुलगा दूरच्या शहरात, नोकरी चांगली, बापाशी बोलणं बेताचं. फोन ठेवून हा तणतणतच बाहेर आला, तर समोर अक्का झारी घेऊन पाणी घालतेय. यानं पुन्हा तेच सुरू केलं, पाणी तोड, पाणी तोड. अक्काला काय सुचलं कोण जाणे, ती म्हणाली, “पोराला पण ताणच देत बसलास जन्मभर. एकदा तोंडभरून ‘शाब्बास’ म्हणाला नाहीस. म्हणून लांब जाऊन फुललाय तो.”

खरं होतं ते. खरं होतं म्हणूनच वर्मी लागलं. आणि हा फाडकन बोलून गेला, “तू तरी जन्मभर पाणीच घालत बसलीस ना? धरलं का एक तरी फूल?”

तो बोगनवेलीबद्दल बोलत होता. निदान वाक्य सुरू करताना तरी बोगनवेलीबद्दलच होतं. पण शेवटच्या शब्दापर्यंत येता येता ते कुठे पोचलं, हे त्यालाही कळलं आणि तिलाही. जिभेला हाड नसतं म्हणतात. नसेल, पण ती दुसऱ्याची हाडं बरोबर मोडते.

अक्कानं झारी खाली ठेवली. चेहरा पांढराफटक. पण आवाज तोच, बस-स्थानकावरचा, एकेक शब्द सुटा. “यापुढे माझ्या दारात पाय टाकायचा नाहीस. मी हाक मारीन तेव्हाच यायचं.”

“आणि नाही मारलीस तर?”

“तर नाही.”

‘चुकलो’ एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. तो संध्याकाळपर्यंत त्याच्या जिभेवर होता, दुसऱ्या दिवशी ओठावर, आठवड्यानं घशात, आणि मग खाली कुठंतरी जाऊन बसला. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, असलं ते घराणं. बहीणभाऊ दोघंही त्याच सुताचे. तो रोज भिंतीअलीकडे रोपं लावायचा, ती रोज भिंतीपलीकडे झाऱ्या ओतायची, आणि दोघांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आणि त्याहून उंच अबोला. हाक मारली की जाईन, असं तो स्वतःला सांगायचा. आणि खरंच गेला असता. रोज सकाळी तो कान टवकारूनच उठायचा.

मधला पूल म्हणजे त्याची बायको. ती नणंदेला ‘वन्सं’ म्हणे, तिच्याकडे रोज बसे, भिंतीवरून पातेली इकडून तिकडे फिरवी आणि दोघांनाही मनातल्या मनात शिव्या घाली. पण सुनेचं बाळंतपण आलं आणि तिला अडीच महिन्यांसाठी मुलाकडे जावं लागलं. जाण्याआधी तिनं वन्संच्या घरात महिना-दीड महिन्याचं सामान भरून ठेवलं.

“वन्संकडे लक्ष ठेवा,” ती निघताना म्हणाली.

“हाक मारली तर जाईन.”

“घाला ती हाक चुलीत! म्हातारं माणूस आहे ते.”

“तिनंच घातलीय अट, मी नाही,” तो म्हणाला, आणि बायको कपाळावर हात मारून रिक्षात बसली.

ती गेल्यावर तीन आठवडे काहीच घडलं नाही. मग एके दिवशी कलमांच्या पिशव्या हलवताना त्याची नजर पलीकडे गेली, आणि तो जागच्या जागी थांबला. बोगनवेलीनं माना टाकल्या होत्या. शेंड्याची पानं लोंबत होती. त्यानं टाचा उंचावून पाहिलं. पिंपातली माती पांढरी पडून कडेनं सुटली होती. माळ्याच्या डोळ्याला तारीख सांगावी लागत नाही. या उन्हात, एवढ्या मातीला, सहा दिवस. सहा दिवस पाण्याचा थेंब नाही.

अक्कानं पाणी तोडलं होतं.

त्याला काय झालं म्हणून सांगू! आनंदानं हातातली पिशवी खाली ठेवायचंही सुचेना. सहा वर्षं घसा फोडून सांगितलं तेव्हा ऐकलं नाही, आणि आता अबोल्यात ऐकलं! म्हणजे राग गेला. म्हणजे चुकलो म्हणायची गरज नाही, तिलाही काही म्हणायची गरज नाही, झाडानंच मध्ये पडून मिटवलं. आता फुलं येतील, आणि फुलं आली की ती भिंतीशी येऊन ओरडेल, “धाकट्याऽऽ, बघ रे तुझी विद्या!” तो मनातल्या मनात “आलो गं” म्हणूनही बसला.

बायकोचा फोन आला तेव्हा त्यानं हे सगळं रंगवून सांगितलं. बायकोच्या आवाजात मात्र आनंद नव्हता.

“अहो, वन्संना मी दोनदा फोन केला. उचलतात आणि बोलतच नाहीत. नुसता श्वास ऐकू येतो. मग ठेवून देतात.”

“माझ्यावरचा राग तुझ्यावर. आता मावळतोय, धीर धर.”

“जाऊन बघा ना एकदा. माझी शपथ आहे.”

“अगं, ती आता हाक मारायच्या बेतात आहे. आत्ता मी आपणहून गेलो तर सगळं मुसळ केरात. हातातोंडाशी आलंय.”

बायको काही बोलणार तेवढ्यात तिकडे बाळ रडलं आणि फोन राहिला.

त्यानंतर चार दिवसांनी अक्का भिंतीशी आली.

तो खाली बसून मोगऱ्याच्या पिशव्यांतलं तण काढत होता. ठण् असा आवाज आला. वर पाहिलं तर अक्का. डावा हात भिंतीवर, आणि त्याच हातात रिकामी झारी. तिनं ती पुन्हा भिंतीवर आपटली. ठण्. ठण्. केस जरा विस्कटलेले, साडीचा पदर नीट नाही, पण इतक्या महिन्यांनी समोर उभी होती आणि त्याच्याच डोळ्यांत बघत होती.

त्याला कळलं. म्हणजे त्याला वाटलं, कळलं. बघ रे, रिकामी आहे झारी. बघ, पाणी तोडलंय. घे, झालं तुझ्या मनासारखं. दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं, अक्का, काय झालं गं? पण यांच्यात झाडाची भाषा होती ना! झारीचा अर्थ यानं झाडाच्या भाषेत लावला.

तो उठून उभा राहिला. बोल ना आता, तो मनात म्हणत होता, मार ना हाक. एकदा धाकट्या म्हण, भिंतीवरून उडी टाकून येतो.

अक्कानं तोंड उघडलं. घशातून काहीतरी आलं, शब्द नव्हे, नुसता घरघरता आवाज. तिनं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. मग तिच्या ओठाची एक बाजू वर गेली, एकच, दुसरी खालीच राहिली. ते तिचं जुनं हसू असं त्याला वाटलं, चिडवायची तेव्हाचं, एका गालातलं. म्हणजे अजून खेळवतेच आहे तर! समोर येऊन उभी राहील, झारी वाजवील, पण तोंडानं बोलायची नाही. तू आधी बोल, असं म्हणतेय.

“नाही बोलायचं तर नको बोलू,” तो स्वतःशीच पुटपुटला, पाठ फिरवली आणि पुन्हा तण उपटायला बसला. पाठीमागे झारी आणखी एकदा वाजली, हळू. मग पाय घासत गेल्याचा आवाज आला. त्यानं वळून पाहिलं नाही. मोठा मानी ना तो.

त्यानंतर झाडावर कळ्या दिसू लागल्या. पानाच्या बेचक्यात पहिली लाली, मग शेंड्याशेंड्यावर झुपके, आणि मग एका आठवड्यात अशी काही फुलली ती, की पान औषधालाही उरलं नाही. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघू लागली. कुणी सायकलवरून उतरून फोटो काढला. गिऱ्हाइकं भिंतीकडे बोट दाखवून म्हणू लागली, “ते तसलं द्या.” आणि काका छाती काढून सांगत होता, “जात माझी, पण करामत ताणाची. बहिणीचं झाड आहे. सहा वर्षं ऐकत नव्हती, आता ऐकलं.”

“मग काय म्हणाल्या फुलं बघून?” एका बाईनं विचारलं.

“म्हणेल, म्हणेल. आज-उद्या म्हणेल,” तो म्हणाला.

आज गेला, उद्या गेला. फुलं गळू लागली. कागदासारखी हलकी फुलं ती; वारा आला की पलीकडच्या अंगणात लोटच्या लोट. चौथ्या दिवशी दुपारी तो भिंतीला टेकून चहा पीत होता. सहज नजर अक्काच्या उंबऱ्यावर गेली. फुलांचा ढीग दाराला टेकला होता. पायरीवर, उंबऱ्यावर, पायपुसण्यावर, सगळीकडे गुलाबी. आणि त्यातलं एकही फूल चुरगळलेलं नव्हतं.

अक्काच्या अंगणात केर? जिनं जन्मभर दिवसातून दोनदा अंगण झाडलं, पानाचा तुकडा पडला तरी जिच्या कपाळाला आठी पडायची, तिच्या दारात चार दिवसांची फुलं? आणि चार दिवसांत त्यांवर पाऊल नाही?

कप त्याच्या हातातून सुटला. तो भिंतीवरून पलीकडे गेला, गुडघा सोलला, कळलंही नाही. दारापाशी पोचला आणि तिथे, देवा रे, तिथेही तो क्षणभर थांबला. चौदा महिन्यांची सवय. मी हाक मारीन तेव्हाच यायचं.

“अक्का!” तो ओरडला. शेवटी त्यानंच आधी हाक मारली. आतून काही आलं नाही.

खिडकीच्या जाळीला त्यानं कमरेला खोचलेल्या छाटणीच्या कात्रीनं भोक पाडलं, हात घालून दाराची कडी काढली. आत कोंदट वास होता. स्वयंपाकघरात ओट्याखाली अक्का उजव्या कुशीवर पडलेली. डोळे उघडे. जिवंत होती. डोळे त्याच्याकडे वळले आणि तिथेच थांबले.

रुग्णवाहिका येईपर्यंत तो तिचं डोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसला होता, आणि बसल्या बसल्या त्याला खोली दिसत गेली. डब्यांची झाकणं दातांनी आणि दारात अडकवून उघडायचा प्रयत्न केलेली, वाकलेली. पावाचं पुडकं दातांनी फाडलेलं. नळाखाली झारी, तिचं हँडल उजवीकडे. पाणी भरलेलं होतं, काठोकाठ. भरता आली होती, उचलता आली नव्हती. टेबलावर वही आणि पेन. पानंच्या पानं रेघोट्या, डाव्या हाताच्या, अक्षरं व्हायला निघालेल्या आणि न झालेल्या. त्यानं पुन्हा पुन्हा बघितलं. एक शब्द लागेना. पण प्रत्येक पानाच्या सुरुवातीला तोच आकार होता, एक दांडी आणि तिच्याशेजारी गरगरलेलं काहीतरी. तो ‘ध’ असावा, हे त्याच्या कितीतरी वेळानं लक्षात आलं.

रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीण होती. हातात कागद, प्रश्न भराभर.

“कधीपासून बोलत नाहीयेत या?”

“चौदा महिने,” तो म्हणाला.

तिचं पेन थांबलं. “चौदा महिने? आणि आज आणलंत?”

“नाही, म्हणजे, माझ्याशी. माझ्याशी बोलत नव्हती. भांडण होतं.”

ती मग जरा हळू आवाजात म्हणाली, “काका, मेंदूचा झटका आहे. मोठा झटका दोनेक दिवसांपूर्वीचा दिसतो. पण त्याआधी एक लहान येऊन गेलेला असणार. वाचा आणि उजवा हात तेव्हाच गेला असेल. तो कधी आला, काही अंदाज?”

त्यानं डोळे मिटले. फुलं पूर्ण उमलली त्याला आज पाच दिवस. कळी दिसल्यापासून फुलायला नऊ. ताण बसून कळी धरायला दोन आठवडे. बोटांच्या पेरांवर तो मागे मागे जात होता, गिऱ्हाइकाला सांगतो तसा, आणि ते गणित चुकणार नाही हे त्याला ठाऊक होतं. ज्या दिवसापासून तिनं पाणी तोडलं असं तो समजला होता, त्याच दिवशी तिचा हात गेला होता.

“अठ्ठावीस दिवस,” तो म्हणाला.

“एवढं नेमकं?”

“हो. नेमकंच आहे.”

“मधे कुणी पाहिलं होतं का त्यांना?”

“मी पाहिलं. अठरा दिवसांपूर्वी. भिंतीशी आली होती. झारी आपटत होती.”

“तेव्हा तोंड वाकडं दिसलं का?”

“हसली,” तो म्हणाला. “एका बाजूनं हसली.”

त्या दिवशी आणलं असतं तर, असं डॉक्टरीण म्हणायला गेली आणि तिनं ते गिळून टाकलं. नुसतं कागदावर लिहिता लिहिता विचारलं, “तुम्ही कुठे राहता? लांब?”

“नाही,” तो म्हणाला. “हाकेच्या अंतरावर.”

अक्का जगली. कुणी म्हणेल, हेच नशीब. बायको बाळंतपण अर्धवट टाकून परतली. तिनं सगळं ऐकलं आणि नवऱ्याला एक शब्दही टाकून बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. दोघांनी मिळून अक्काला आपल्या घरी आणलं, पुढच्या खोलीत, भिंतीकडच्या खिडकीशी खाट टाकली. उजवं अंग लुळं, वाचा नाही. डॉक्टरिणीनं सांगितलं होतं, समजतं त्यांना सगळं. बायकोनं डाव्या हाताशी एक स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाली, “वन्सं, काही लागलं की वाजवा हं.”

अक्का वाजवायची. बायको घरात असली की वाजवायची. ठण् झालं की बायको हातातलं टाकून धावायची. बायको बाहेर गेली आणि तो एकटा घरात असला की पेला गप्प. कूस बदलायची असो, उशी सरकलेली असो, तासन् तास गप्प. तो दाराशी उभा राहायचा, कान देऊन, जसा चौदा महिने भिंतीशी उभा होता. ती खिडकीतून बाहेर बघत राहायची. डोळे त्याच्याकडे वळायचे नाहीत.

बोगनवेलीला तो आता रोज पाणी घालत होता, सकाळी दोन झाऱ्या, संध्याकाळी दोन. फुलं केव्हाच झडून गेली आणि पानं पुन्हा मातली. एक जुनं गिऱ्हाईक थट्टेनं म्हणालं, “काय ताणवाले, विसरलात काय? पाणी तोडा की!” तो झारी तिरकी करून धार पिंपाच्या कडेनं फिरवत राहिला. गल्लीतली माणसं हळूहळू त्याला नुसतं काका म्हणू लागली.

एका दुपारी बायको औषधं आणायला गेली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, घर तापलं होतं. तो दाराशी उभा होता. अक्काचे ओठ त्याला तिथून दिसत होते. सुकलेले, मधोमध चीर पडलेले. ती मधूनच जीभ ओठावरून फिरवत होती, आणि तिचा डावा हात पेल्यापासून चार बोटांवर होता. चारच बोटं. हात हलला नाही.

तो वाट बघत राहिला. मग आपण पुन्हा हाकेची वाट बघतोय, हे त्याला कळलं. पानांनी माना टाकल्या आहेत आणि आपण पुन्हा बघत उभे आहोत.

तो आत गेला. कुणी न बोलावता. माठातलं पाणी पेल्यात घेतलं, खाटेच्या कडेला बसला, तिच्या मानेखाली हात घातला. तिनं तोंड फिरवलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यानं चमच्यानं पाणी ओठांशी नेलं. अर्धं आत गेलं, अर्धं वाकड्या बाजूनं ओघळून उशीवर आलं. त्यानं ते धोतराच्या सोग्यानं पुसलं.

“चुकलो गं अक्का,” तो म्हणाला.

तिनं घोट गिळला. नजर खिडकीबाहेर होती, भिंतीपलीकडे, जिथे तिची बोगनवेल हिरवीगार उभी होती, एकही फूल नसलेली.

“अजून देऊ?” त्यानं विचारलं.

त्यानं उत्तराची वाट न बघता पुढचा चमचा भरला.